दोन बोटं म्हणजे मध्यम

चूक माझी होती आणि आबा हसले. तिथंच मला शंका आली.

आबा म्हणजे माझे वडील, आमच्या बँडचे मास्तर. उजव्या हातात ट्रम्पेट, डावा हात वर, आणि त्या डाव्या हाताची बोटं बघून मागचा सगळा बँड चालतो. त्या सकाळी आमच्या अंगणात लिंबाखाली तालीम चालू होती. आबांनी दोन बोटं वर केली, मी लॅपटॉपवर दोनचं बटण दाबलं, आणि चांगलं उड्या मारत चाललेलं वरातीचं गाणं एकाएकी तोंड पाडून बसलं. ढोलवाल्याचं टिपरू हवेतच राहिलं.

"ताई, लगीन हाय," तो म्हणाला. "मयत न्हाई."

सगळे हसले. मग सगळ्यांची तोंडं बघून आबाही हसले आणि मला म्हणाले, "ब्येस! आसंच चालू दे."

आता आबांबद्दल एक सांगते. मी लहान असताना क्लॅरिनेटचा सूर केसभर उतरला म्हणून त्यांनी भर वरात थांबवली होती. नवरदेव घोड्यावर, करवल्या उन्हात, आणि आबा त्या वाजवणाऱ्याला म्हणताहेत, आधी सूर लाव, मग पाऊल उचल. असा माणूस मयतीच्या सुराला "ब्येस" म्हणतो, तेव्हा त्याला ते आवडलेलं नसतं. त्याला ते ऐकूच आलेलं नसतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, चकलांब्याच्या अंगाला. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नाही. आबा तर चौथीतून थेट बँडमध्ये गेले. मी कॉम्प्युटर घेऊन एम.एस्सी. झाले आणि बीडला एका कॉलेजात शिकवते. हे मी लाजत सांगत नाही. माझा पदवीचा फोटो आमच्या भिंतीवर आबांच्या बँडच्या फोटोशेजारी आहे, आणि दोन्ही एकाच मापाच्या चौकटीत आहेत. तो हट्ट माझा होता.

गाणी रचायचं सॉफ्टवेअर मी हौसेनं शिकले. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं दुसऱ्यांनी केलेल्या संगीतावर नाचायची, ते मला बघवायचं नाही. बँडवाल्याच्या पोरीनं उसनं संगीत का वापरावं? मग व्हिडिओ बघून, चुकत चुकत शिकले. त्याचा उपयोग घरीच होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं, की त्या उन्हाळ्यात बँडचा कॅसिओवाला पुण्याकडं कंपनीत लागला. कॅसिओ, म्हणजे कीबोर्ड, त्याचा स्वतःचा. तो घेऊन गेला. कॅसिओशिवाय बँड म्हणजे बिनभिंतीचं घर. वर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट गातात, खाली ढोल-ताशा असतो, पण मधे उभं राहायला कॉर्ड लागते. कॉर्ड म्हणजे फार काही नाही, तीन सूर एकदम दाबायचे. गाणं त्यांना टेकून उभं राहतं. आणि इकडं शिरूर कासारच्या एका घरची सुपारी आबांनी आधीच घेतलेली. त्या घरातल्या बापाच्या लग्नात आबांनी वाजवलं होतं, आता पोराचं लग्न होतं. दिलेला शब्द आबा मोडत नाहीत, आणि लग्नसराईत मोकळा कॅसिओवाला मिळत नाही. मी म्हणाले, रविवार आहे, मी बसते लॅपटॉप घेऊन.

"गाडीवर?" आई म्हणाली. बँडची गाडी म्हणजे चाकांवरची लोखंडी गाडी. तिच्यावर जनरेटर, भोंगे आणि कॅसिओवाला. "बाया बसत्यात का कुटं गाडीवर?"

"कॉलेजात खुर्चीवर बसते, हितं गाडीवर बसन. बसायचंच काम हाय."

आबा त्यावर काही बोलले नाहीत. मला वाटलं, विचार करताहेत.

तर ती तालीम. गाणं तोंड पाडून बसल्यावर चाचा मधे पडले. चाचा म्हणजे आमचे क्लॅरिनेटवाले, आबांचे तरणेपणापासूनचे जोडीदार. लग्नं नसली की ते गेवराईला फळांचा गाडा लावतात. त्यांनी क्लॅरिनेट काखेत मारलं, आबांच्या समोर जाऊन हातानं कपाची खूण केली आणि म्हणाले, "मास्तर, चाय पीलेंगे. बेटीकी मशीन गरम हुई."

आबांनी मान हलवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चाचा आबांशी नेहमी समोर जाऊन बोलतात, आणि तोंडाबरोबर हातही चालवतात. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. मी त्याला चाचांची लकब समजत आले होते.

मी सरळ चुलीपाशी गेले.

"आई, आबांना ऐकू कमी येतं का?"

"तुला आज कळालं व्हय?"

"मग तू कावून बोलली नाहीस?"

"मला आधी वाटलं, माझंच ऐकत न्हाईत," आई म्हणाली. "लगीन झाल्यापून कवा ऐकलंय त्यांनी माझं?" मग तिनं पातेलं खाली उतरवलं आणि आवाज खाली आणला. खरं तर खाली आणायची काही गरज नव्हती. "आता लईच झालंय. डॉक्टरचं नाव काढलं का चिडतेत. म्हणतेत, मास्तर बहिरा हाय म्हणून गावात कळालं तर बँड माझा ऱ्हाईल का?"

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्यात एक रीत आहे. मास्तर फुंकल्याशिवाय बँडमधला कुणी वाजवत नाही. पहिला सूर मास्तरचा आणि थांबायची मूठही मास्तरची. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यामागं माणसं कशाला उभी राहतील? चहाचे कप गोळा करताना चाचांनी मला बाजूला घेतलं.

"बेटा, मेरेकू मालूम हाय. ढोलवाल्याला न्हाई मालूम. त्याला डीजेवाले बोलवायलेत. त्यो निस्ता बहाना शोधायलाय. त्याच्या मागं ताशेवाले जातेत, मग ऱ्हायलं काय? येवढी शादी इज्जतमें निकल जाय, बस."

येवढी शादी. मला एवढंच काम होतं, आणि ते माझ्या हातातलं होतं.

आधी माझी चूक मला उलगडली पाहिजे होती. पुस्तकात कॉर्डना नंबर असतात. सा वरची पहिली, रे वरची दुसरी, ग वरची तिसरी, अशी सातपर्यंत. सॉफ्टवेअरही तसंच येतं. एकचं बटण दाबलं की पहिली कॉर्ड, दोनचं दाबलं की दुसरी. मी धरून चालले होते, की आबांची बोटंही हाच नंबर सांगतात. पण दुसरी कॉर्ड स्वभावानंच उदास. वरातीत तिचं काय काम? म्हणजे आबांचे दोन आणि पुस्तकातले दोन हे वेगळेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ट्रम्पेटला फडकं मारत ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी न बसता समोर बसले, चाचांसारखी.

"आबा, एक बोट म्हणजे काय?"

"घर," आबा म्हणाले. "गाणं जिथून निघतं आन् जिथं येतं त्ये."

"आन् दोन?"

"शेजार. घरातून निघालं का मानूस आधी शेजारी डोकावतं. तीन म्हंजे गावाची येस. येशीपर्यंत गेलं का मानसाला घराची वढ लागती." त्यांनी करंगळी वर केली. "आन् ही रडकी. पोरगी सासरी निघाली का ही लागती. वरातीत ही दाखवली तर मला हाण."

मी वही-बिही काही घेतली नाही. ते ऐकता ऐकताच माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. घर म्हणजे षड्ज. शेजार म्हणजे मध्यम, म्हणजे पुस्तकातली चौथी. वेस म्हणजे पंचम, पाचवी. पंचमावरून षड्जावर यायची ओढ लागते, हे माझ्या पुस्तकातही होतंच. रडकी म्हणजे धैवतावरची सहावी. आबांनी जन्मभर चारच कॉर्डवर लग्नं लावली होती, आणि त्या चारांना एक, दोन, तीन आणि करंगळी असे पत्ते दिले होते. पुस्तक चुकलं नव्हतं, आबाही चुकले नव्हते. मधे बसणारं कुणीतरी लागत होतं, आणि ती मी होते. त्यासाठीच शिकले होते.

सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक पान असतं. प्रत्येक बटणासमोर एक चौकट आणि त्या चौकटीत आपल्याला हवी ती कॉर्ड भरायची. मी आधी पट्टी काळी पाच केली, कारण आबांचं ट्रम्पेट त्याच पट्टीतलं. मग एकसमोर षड्जाची ठेवली, दोनसमोर मध्यमाची भरली, तीनसमोर पंचमाची, चारसमोर रडकी. पाच, सहा आणि सातच्या चौकटी मोकळ्या करून टाकल्या. घाईत बोट घसरलं तर ती बटणं गप्प बसतील, पण भलतं बोलणार नाहीत. ढोलवाल्याला बहाणा मिळायला नको होता.

चारच्या बटणाशी माझा हात जरा अडला. करंगळी एकच बोट, मग तिची एकशी गल्लत होणार नाही ना? म्हणून आबांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, करंगळी मी आडवी धरतो, बाकीची उभी. पण चार तीनला चिकटून, बोट घसरायची भीती, म्हणून मी रडकी चारवरून काढून पार कडेला शून्यावर नेऊन ठेवली आणि चारही मोकळं केलं. आता सासरी जाणारी पोरगी एका टोकाला आणि बाकीचं गाव दुसऱ्या टोकाला. असं बसल्यावर मला बरं वाटलं.

राहिलं ऊन. आमच्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉपचा पडदा काळा ठिक्कर दिसतो. त्यावर उपाय आईच्या टिकल्यांच्या पाकिटात मिळाला. एकच्या बटणावर एक टिकली, दोनवर दोन, तीनवर तीन, शून्यावर एक मोठी. आता खाली बघायचीच गरज नव्हती. डोळे आबांच्या हातावर आणि बोटं टिकल्यांवर.

"माझ्या टिकल्या तुझ्या डब्ब्याला," आई म्हणाली. "आता त्यालाच हळदी-कुंकवाला बोलीव."

दुपारच्या तालमीत आबांनी दोन बोटं वर केली आणि मध्यम लागला. चाचांनी क्लॅरिनेटच्या मागून डोळे मिटले. ढोलवाला म्हणाला, "आत्ता कसं!" आबा म्हणाले, "ब्येस!" आदल्या दिवशी म्हणाले होते तसंच. मला त्यातला फरक कळत होता, त्यांना नाही, हे तेवढं टोचलं.

शिरूरला आम्ही टेम्पोनं गेलो. नवरदेवाला लग्नाआधी मारुतीच्या देवळाला वाजतगाजत नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. गाडीवर बाई बघून लोक थोडे थबकले. एक फेटेवाले म्हातारबुवा चाचांना म्हणाले, "मास्तरची पोरगी कॉम्प्युटर शिकली म्हणत होते. शिकून गाडीवरच आली की!"

मी वरूनच म्हणाले, "आजोबा, शिकले म्हणूनच चढले. न्हाईतर मागं झांजा वाजवीत चालले असते."

"तोंडाची बी शिकलीय," म्हातारबुवा म्हणाले, आणि पुढं जाऊन नाचायला लागले.

परण्या चांगला निघाला. आबांचा पांढऱ्या हातमोज्यातला हात मला उन्हातही ठळक दिसत होता. घर, शेजार, घर, वेस, घर. मोकळ्या बटणांवर माझं बोट दोनदा पडलं असेल, पण तिथं कुणी बोललंच नाही, त्यामुळे कुणाला कळलंही नाही. देवळापाशी आबांनी मूठ मिटली, सगळे एकदम थांबले आणि मला वाटलं, सुटलो.

पण खरं पुढंच होतं, आणि त्याचा विचार मी केलाच नव्हता.

मांडवात मंगलाष्टका सुरू झाल्या की बँड मांडवाच्या तोंडाशी गप्प उभा राहतो. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट सरला, की त्याच क्षणी बँड उठला पाहिजे. एक श्वास उशीर झाला तर लोक म्हणतात, बँड झोपला होता. एक श्वास आधी वाजला तर त्याहून वाईट, अपशकुन. आणि शेवटचं सावधान कोणतं, हे नुसतं बघून कळत नाही. प्रत्येक कडव्याला सावधान असतं, प्रत्येक सावधानला अक्षता उडतात. तिथं कानच लागतो.

करवल्या गायल्या. सावधान, अक्षता. नवरीचे मामा निवृत्त गुरुजी होते, त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टका आणली होती आणि तिच्यात दोन्हीकडच्या सोयऱ्यांची नावं बसवली होती. एकही सोयरा सुटला नाही. सावधान, अक्षता. मग एका मावशीनं माईक घेतला.

"संपलं का बे?" ढोलवाल्यानं ताशेवाल्याला विचारलं. टिपरू वर धरून त्याचा हात अवघडला होता. "मास्तर फुकंना कावून?"

आबांच्या ओठांना ट्रम्पेट लागलेलं होतं. समोर माणसांच्या पाठींची भिंत, आत नवरा-नवरी कुठं आहेत ते दिसत नव्हतं. चाचाही त्याच भिंतीमागं. आणि आबा मांडवाकडं बघतच नव्हते. ते मान वर करून माझ्याकडं बघत होते.

मला आधी वाटलं, माझं काही चुकलं. मग आठवलं. आमचा कॅसिओवाला शेवटच्या सावधानला गाडीवर उठून उभा राहायचा आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागायचा. आम्ही म्हणायचो, तरणं पोरगं आहे, अंगात येतं. त्यालाही ठाऊक नसेल, पण आबा कितीतरी लग्नं त्याच्या उठण्यावर फुंकत आले होते. आता त्या जागेवर मी होते, आणि मी आरामात मांडी घालून बसले होते.

गाडीवरून मला सगळं दिसत होतं. मावशीचं सावधान झालं. भटजींनी माईक स्वतःकडं ओढला, घसा साफ केला आणि शेवटचा श्लोक धरला. मी उठून उभी राहिले. आबांच्या खांद्यांची हालचाल मला दिसली, छाती भरून घेतल्याची. मी डावा हात सरळ समोर धरला, थांबा म्हणून. उजवा हात टिकल्यांवर होता. भटजींचा सूर चढला, अंतरपाटाची कडा हलली, आणि मी डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

घर.

आबांनी फुंकलं. मी एकची टिकली दाबली. ढोल, ताशा, चाचांचं क्लॅरिनेट, सगळं एका जागी येऊन पडलं. आतून कुणीतरी "वाजवा रे!" म्हणून ओरडलं, तेव्हा आम्ही वाजवतच होतो.

मी खाली बसले, पण डोळे आबांच्या हातावरून काढले नाहीत. ते आता दोन दाखवत होते.

परतीच्या टेम्पोत ढोलवाला ढोलावर डोकं ठेवून झोपला. झोपायच्या आधी म्हणाला, "मास्तर, आज आपन डीजेचा बाप वाजवला." पुढच्या लग्नाचं कधी निघायचं, तेही त्यानंच विचारलं. चाचांनी माझ्याकडं बघून नुसतं आभाळाकडं बोट केलं. आबा माझ्या समोरच्या फळीवर बसले होते, मांडीवर ट्रम्पेट, फडक्यात गुंडाळलेलं.

"कवा कळालं तुला?" त्यांनी विचारलं.

मी ओठ नीट हलवत म्हणाले, "मयतीला तुमी ब्येस म्हणालात तवा."

आबांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते हसले, आणि या वेळी कुणाचं तोंड बघून नाही. मग बाहेर बघत म्हणाले, "बीडात कानाचा डॉक्टर कुटं बसतो?"

आई ज्या प्रश्नासाठी इतके दिवस भांडत होती, तो त्यांनी स्वतःच विचारला. टेम्पो खड्ड्यांतून जात होता आणि मला वाटत होतं, हा रस्ता आज केवढा गुळगुळीत आहे.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की जन्मभर भोंग्यासमोर उभं राहिल्यानं कान झिजलेत, गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला पुष्कळ आहे आणि मशीन लावलं की काम भागेल. आबांना वाटत होतं, सगळंच संपलं म्हणतील. खुर्चीवरून उठताना ते डॉक्टरांच्या पाया पडायला निघाले होते, मी धरलं.

आता मशीन आहे. ते फेट्याखाली झाकतात, पण बँडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी कुठं गेलेलं नाही. आबांची तक्रार एकच, की आईचं सगळं ऐकू येतं. आईची तक्रार अशी, की ऐकू येऊनही ऐकत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी लग्न असलं की मी अजून गाडीवर बसते. टिकल्या जुन्या झाल्या की नव्या लावते. गेल्या लग्नात वेशीवरून घरी येताना माझं बोट घसरून शेजारी पडलं. आबा चालता चालता थांबले, गर्रकन वळले, आणि अख्ख्या वरातीसमोर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की नवरदेवाचा घोडासुद्धा बुजला.

माझा जीव असा काही भांड्यात पडला, की मी पुढची कॉर्ड दाबायचीच विसरले.